आठव्या दिवसाचा पेपर

नेत्ररुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बाई डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान मास्तर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पावणेनऊच्या सुमारास मास्तरांच्या शर्टाच्या खिशात सायकलची घंटी वाजली.

"माझा फोन वाजला," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "कुणाचा मेसेज?"

मास्तरांनी बाईंचा फोन खिशातून काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि वाचलं: 'डिस्क ९१ टक्के भरली.'

"धाकटीचा आहे," ते म्हणाले. "गुलाबाचं फूल पाठवलंय."

"आत्ता? वन्सं दहाच्या आत कधी उठल्यात?"

"आज उठली. वहिनीचं ऑपरेशन आहे म्हणून."

"बरं," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त होईपर्यंत त्यांनी बायकोशी खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण आज प्रश्न बाईंच्या डोळ्याचा होता. हे ऑपरेशन याआधी तीन वेळा लांबलं होतं आणि तिन्ही वेळा कारण एकच, वाचनालयाचा सर्व्हर. पहिल्या वेळी सातही शाखा त्याला जोडायच्या होत्या. दुसऱ्या वेळी यंत्र चालू ठेवूनच डिस्क बदलायची होती. तिसऱ्या वेळी तर बाई याच बाकावर, असेच थेंब घालून बसलेल्या असताना एकदम उठल्या. "पहाटेच्या एका कामाचा मला संशय येतोय," असं म्हणून भिंतीला हात लावत जिना उतरल्या होत्या. चौथी तारीख देताना डॉक्टर म्हणाले, "बाई, हा मोतीबिंदू आता दगड व्हायला लागलाय. यापुढे लांबवलात तर सर्व्हर सोडाच, सर्व्हरच्या खोलीचं दारसुद्धा दिसायचं नाही."

त्या दिवशी मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. काही झालं तरी या वेळी बायको बाकावरून उठेल ती ऑपरेशनच्या खोलीत जायलाच.

बाई त्या वाचनालयात लागल्या तेव्हा तिथे संगणक नावाची वस्तू नव्हती. लाकडी कपाटांना बहात्तर खण होते, प्रत्येक खणात ठासून भरलेली कार्डं, आणि बाईंचं काम ती टंकण्याचं. पुढे खण गेले आणि बांधणी विभागाच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी डिंक शिजवत असत, एक काळं यंत्र येऊन बसलं. ते चालवायला माणूस मिळेना. यंत्राबरोबर, ते ज्यावर चाले त्या युनिक्स प्रणालीचा एक जाडजूड ग्रंथ आला होता. बाईंनी तो घरी नेला आणि भाजी निवडता निवडता, इस्त्री करता करता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. त्यांना कुणी शिकवलं नाही. कुणाला येतच नव्हतं, तर शिकवणार कोण? त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या 'सर्व्हरबाई' झाल्या. डिंकाचा वास मात्र त्या खोलीतून कधी गेला नाही.

सर्व्हर काय करतो हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना बाई फार सोपं करून सांगत. "तो दिवसभर जे करतो ते रोजनिशीत लिहीत जातो. त्या रोजनिशीला लॉग म्हणायचं. ती वेळच्या वेळी आवरली नाही तर त्याला बसायला जागा उरत नाही, मग तो बंद पडतो. आणि आवरायचं काम मी पहाटे उठून करत नाही. त्यासाठी आत क्रॉन नावाचा एक गडी ठेवलाय. त्याला एकदा वेळ नि काम लिहून दिलं की झालं. मग तो विसरत नाही आणि उलट बोलत नाही."

क्रॉनची ती यादी बघण्यासारखी होती. चार वाजून दहा मिनिटांनी आजची रोजनिशी बंद करून नवी उघडायची. कालची एक नंबरला, परवाची दोन नंबरला, असं सातपर्यंत सरकवायचं. आठव्या दिवसाची टाकून द्यायची. प्रत्येक ओळीवर हे काम कशासाठी आहे याची टीप, आणि ज्या फाइली जपायच्या त्यांच्यापुढे स्वच्छ लिहिलेलं: 'हात लावू नये.' त्या यादीच्या जोरावर यंत्र चार वर्षांत एकदाही बंद करावं लागलं नव्हतं. वाचनालयात नवा माणूस आला की ग्रंथपालसाहेब त्याला आधी जुन्या पोथ्या दाखवत आणि मग बाईंची यादी.

घरीही हाच कारभार होता. आजचा पेपर टेबलावर. दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर, तिसऱ्या दिवशी खिडकीत, मग शेल्फच्या एकेका कप्प्यात, असं करत सातव्या दिवशी दाराशी. आठव्या दिवशी खालच्या रद्दीच्या पेटीत. रोज चहा होण्याच्या आत बाई सात पेपर सरकवून स्वयंपाकघराच्या कपाटावरच्या कागदावर खूण करत. खाली नेऊन टाकण्याचं काम मास्तरांकडे होतं.

"पस्तीस वर्षं झाली आणि मी अजून घरात आहे," मास्तर पाहुण्यांना सांगत. "म्हणजे माझ्यापुढे कुठेतरी 'हात लावू नये' लिहिलेलं असणार."

"तपासून बघते," बाई म्हणत.

तर असा हा संसार. आणि खिशात पुन्हा घंटी वाजली. ९२.

"पुन्हा वन्सं?"

"हो. आता मोगरा पाठवलाय. मी जरा पाय मोकळे करून येतो."

मास्तर जिन्यात गेले आणि स्वतःच्या जुन्या, बटणांच्या फोनवरून त्यांनी घाईरावांना गाठलं. घाईराव म्हणजे बाईंच्या हाताखालचे इंजिनिअर. वय पस्तीस, दोन मुलांचे वडील, अतिशय हुशार. नाव चांगलं होतं, पण वाक्य पुरं वाचायच्या आत बोट बटणावर पडायचं, म्हणून वाचनालयानं त्यांचं बारसं पुन्हा केलं होतं.

"घाईराव, तुमचं ते यंत्र इथे घंट्या वाजवतंय!"

"दिसतंय मास्तर, दिसतंय! लॉग फुगलाय. आपला तो देवघेव प्रोग्रॅम आहे ना, पुस्तकं देण्याघेण्याचा, तो काय वाटेल ते लिहीत सुटलाय. वाचक आला हे लिहायचं तर ठीक आहे, हा वाचक शिंकला तरी लिहितोय. आणि आता नऊ वाजता सातही शाखा उघडतील. बाईंना विचारू का एकदा?"

"विचाराल तर याद राखा. तिला कळलं तर ती डोळ्यांतल्या थेंबांसकट तिकडे येईल. किती टक्क्यांपर्यंत चालतं हे?"

"अठ्ठ्याण्णवला देवघेव बंद पडते. मग सगळं कागदावर."

"मग करा काहीतरी. शांतपणे करा."

"केलंसुद्धा!"

"काय केलंत?"

"फाइल पुसली. तो लठ्ठ लॉग उडवूनच टाकला."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात त्यांच्या खिशात घंटी वाजली. जिन्यात ती चांगली दुप्पट ऐकू आली. ९३.

"घाईराव, उतरायच्या ऐवजी चढतंय हो हे!"

पलीकडे थोडा वेळ नुसती बटणं वाजली. मग घाईरावांचा आवाज आला, तो अगदी बारीक. "मास्तर, गंमतच झालीय. फाइल तर गेली. यादीत कुठे नाही. सगळ्या फाइलींची बेरीज केली तर डिस्क निम्मीसुद्धा भरत नाही. आणि डिस्क म्हणतेय गळ्याशी आलं. फाइल नाही, आणि जागाही नाही! आधी निदान काय फुगलंय ते दिसत तरी होतं."

एवढ्यात नर्स जिन्याच्या दारात आली. "आजोबा, ती घंटी बंद करा. आत पेशंट आहेत."

"कशी बंद करू? तुम्हीच करून द्या, सिस्टर."

नर्सनं बाजूची दोन-तीन बटणं दाबली, आवाज पार शून्यावर नेला आणि फोन परत दिला. तो मास्तरांच्या हातात येताच ठणठणीत वाजला. ९४. नर्सनं फोनकडे आणि मास्तरांकडे सारख्याच संशयानं पाहिलं. शेवटी मास्तरांनी पिशवीतला टॉवेल काढला, फोन त्यात गुंडाळला, टॉवेल बाईंच्या शालीत गुंडाळला आणि ते गाठोडं काखेत धरून ते बाकावर परतले.

"गारठा वाटतोय का?" बाईंनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते, पण मास्तर काय करतात हे कळायला त्यांना डोळे कधी लागत नसत.

"थोडासा."

"वन्संनी किती फुलं पाठवली?"

"चार."

"फारच उत्साह दिसतोय."

आतून हाक आली. नर्सनं बाईंचा हात धरला. दारापाशी बाई थांबल्या, वळल्या. तिसऱ्या वेळी अशाच थांबल्या होत्या आणि थेट जिन्याकडे गेल्या होत्या.

"अहो," बाई म्हणाल्या, "फोन सांभाळा." आणि आत गेल्या. दार लागलं. ते पातळ लाकडाचं होतं. आतली वाटी ठेवल्याचा आवाजसुद्धा बाहेर येत होता.

गाठोड्यात घंटी वाजली. ९५. लगेच दुसऱ्या खिशातला बटणांचा फोनही वाजला. या वेळी ग्रंथपालसाहेब होते.

"मास्तर, बाईंना फोन द्या."

"त्या आत गेल्यात."

"सुरू झालं नसेल ना अजून? दोन मिनिटं बोलू द्या. इथे सात शाखांत वाचक रांगेत उभे आहेत हो!"

"उभे राहू द्या. पुस्तकं आहेत की तिथे. उभ्यानं वाचतील."

"अहो, मग मला यंत्र बंद करून चालू करावं लागेल. जुनं यंत्र आहे. पुन्हा उठलं नाही तर बाई मला काय म्हणतील?"

"ते तुम्ही नि ती बघून घ्या. फोन मिळणार नाही."

शिक्षणाधिकाऱ्यांपुढे कधी मान वर न केलेले मास्तर एवढं बोलले आणि स्वतःच चकित झाले. पलीकडे साहेबांनी फोन घाईरावांच्या हातात दिला.

"मास्तर, साहेब यंत्राच्या बटणाकडे निघालेत," घाईराव कुजबुजले. "चार वर्षं अखंड चाललंय ते. बाई कुणाला अभिमानानं काही सांगत नाहीत, फक्त हे सांगतात. माझ्या हातून असं व्हायला नको होतं हो. फाइल पुसली तर जागा गेली कुठे?"

जागा गेली कुठे? मास्तरांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पस्तीस वर्षं ते बाईंच्या घरात राहिले होते.

"घाईराव," ते सावकाश म्हणाले, "आमच्याकडे आठव्या दिवसाचा पेपर टाकून देतात, माहीत आहे ना?"

"मास्तर, आत्ता पेपर कुठे काढता!"

"ऐका तर. एकदा हिनं सकाळी कपाटावरच्या कागदावर खूण केली, आठव्या दिवसाचा पेपर गेला. यादीत तो कुठे नाही. पण पेपर होता न्हाणीघरात, माझ्या मांडीवर. माझं शब्दकोडं अडलं होतं. घरभर शोधलंत तर तो सापडणार नाही, कारण आतून कडी. मी जोवर खाली ठेवत नाही तोवर तो पेपर घरातून गेला असं म्हणायचं कसं?"

पलीकडे एकही बटण वाजलं नाही. घाईरावांच्या आयुष्यात असा क्षण क्वचितच आला असेल.

"तुमची ती फाइलसुद्धा कुणीतरी हातात धरून बसलं असेल," मास्तर म्हणाले. "यादीतून काढलीत, हातातून नाही काढली. कोण धरून बसलंय ते बघा, आणि त्याला खाली ठेवायला सांगा."

"साहेब!" घाईराव एवढ्यांदा ओरडले की नर्सनं पुन्हा दारातून डोकं काढलं. "साहेब, बटणाला हात लावू नका!"

कोणती फाइल कुणी उघडून धरली आहे हे सांगणारी एक कमांड असते. घाईरावांना ती पाठ होती, वापरायची वेळ कधी आली नव्हती, एवढंच. घंटी वाजली, ९६. घाईरावांनी कमांड दिली. पडद्यावर लांबलचक यादी आली आणि तिच्यात ती ओळ दिसली. फाइल पुसलेली, आणि धरून बसलेला कोण, तर देवघेव प्रोग्रॅम. पुसलेल्या फाइलीतच तो अजून लिहीत होता, आणि जागा भरत चालली होती.

"सापडला! यंत्र बंद करायची गरजच नाही. देवघेव तेवढी थांबवून पुन्हा सुरू करायची. अकरा सेकंद लागतात."

"मग करा."

"करू ना? पुन्हा एकदा वाचून बघतो."

"वाचा. सावकाश वाचा," मास्तर म्हणाले, आणि गाठोड्यात सातवी घंटी वाजली.

सात शाखांच्या खिडक्यांवर अकरा सेकंद पुस्तकं हातातल्या हातात राहिली. मास्तर दाराकडे बघत होते. आत डॉक्टर काहीतरी हळू आवाजात बोलत होते. मास्तरांनी मनात अकरा मोजले, मग पुन्हा अकरा, मग वीस. गाठोडं गप्प होतं.

बटणांच्या फोनवर घाईराव जवळजवळ रडत म्हणाले, "एक्केचाळीस टक्के, मास्तर! एक्केचाळीस!"

पाऊण तासानं बाई बाहेर आल्या, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले. "मास्तर, असा पेशंट मी पाहिला नाही. सगळा वेळ हूं की चूं नाही. मधे नुसते ओठ हलत होते."

बिचारी घाबरली असणार, मास्तरांना वाटलं. टॅक्सीत त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"सत्त्याण्णववर थांबलं ना?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी हात सोडला.

"अहो, ती सायकलची घंटी मी फक्त सर्व्हरला लावून दिलीय, फोनचा आवाज बंद केला तरी वाजेल अशी. नव्वदनंतर दर टक्क्याला एक. वन्संचा मेसेज आला तर फोन नुसता थरथरतो. चार बाहेर वाजल्या, तीन आत. मी मोजत होते."

"मग उठली का नाहीस?"

"तुम्ही एवढी फुलं आणत होतात," बाई म्हणाल्या. "शिवाय आठवी वाजली असती तर सांगणारच होते डॉक्टरांना, जरा हात थांबवा म्हणून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "कुणी सोडवलं?"

"घाईरावांनी."

"शहाणा आहे तो. कमांड त्याला येत होती, पण ती द्यायचं सुचलं कसं?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

पंधरा दिवसांनी बाई कामावर गेल्या. नव्या डोळ्यानं त्यांना डिंकाच्या खोलीतली भिंत पिवळी नाही, पांढरी आहे हे पुन्हा दिसलं. घाईरावांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, पेपरासकट आणि न्हाणीघरासकट. एकच गोष्ट त्यांना उलगडली नव्हती. देवघेव अचानक एवढं लिहायला लागली कशी? आणि कळणार तरी कसं, ज्या रोजनिशीत ते असायचं तीच पुसली होती.

बाईंनी सर्व्हरशेजारची हातानं लिहायची वही उघडली आणि ऑपरेशनच्या दिवशीच्या, त्या सोमवारच्या नोंदीखाली आपल्या टंकलेल्या कार्डांसारख्या नीटस अक्षरात लिहिलं: 'शनिवारी सायंकाळी निघताना, मागे कुणाचं अडू नये म्हणून, देवघेवीला सर्व तपशील लिहिण्याची सूचना मी दिली. त्याला किती जागा लागेल हे मोजायला विसरले. चूक माझी.' खाली सही केली. पुरावा नाहीसा झालेला असताना अशी सही करणारी माणसं मी मोजकीच पाहिली आहेत. ग्रंथपालसाहेब हल्ली नव्या माणसाला यादीनंतर ते पान दाखवतात.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या, पलंगावर टेकल्या आणि सहज खाली नजर गेली. मोतीबिंदूच्या धुक्यात जिथे वर्षानुवर्षं नुसता अंधार होता, तिथे आज काहीतरी चौकोनी दिसलं. बाई वाकल्या. चादरीआड, भिंतीला लागून, सुतळीनं बांधलेले पेपरांचे गठ्ठे होते. एक, दोन, नऊ.

"अहो!"

मास्तर दारात आले आणि तिथेच उभे राहिले.

"हे आठव्या दिवसाचे आहेत?"

"ज्यांची शब्दकोडी अडली तेवढेच," मास्तर म्हणाले. "बाकीचे मी इमानानं पेटीत टाकले."

"किती वर्षं?"

"सहा असतील. सात."

बाईंनी मोठा श्वास घेतला. घरच्या यादीत सात वर्षं त्या रोज 'गेला' अशी खूण करत होत्या, आणि गेलेले सगळे त्यांच्या पाठीखाली झोपले होते. सहनशक्तीलाही मर्यादा असते. त्या बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "हातात धरून बसलो होतो, म्हणून तर त्या दिवशी सुचलं."

बाईंचं तोंड मिटलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मास्तरांना कपाटाचं दार वाजलेलं ऐकू आलं, पेन्सिलीची खसखस ऐकू आली. थोड्या वेळानं चहाचं आधण चढलं. तेव्हा मास्तर हळूच जाऊन कपाटावरचा कागद वाचून आले.

पेपरांच्या ओळीखाली नवी ओळ होती: 'पलंगाखालचे गठ्ठे. हात लावू नये.'

आणि तिच्याखाली, जरा लहान अक्षरात: 'मास्तर. हात लावू नये.'